अकराव्या पानावरची पेटी

पाटाकडेच्या रस्त्यानं निम्मी वाट सरली तेव्हा कडूबाईनं चपला काढून हातात घेतल्या. पाटाला आवर्तन सुटलं होतं, आणि कुणीतरी चारी फोडून पाणी आपल्या उसात वळवलं होतं. त्या पाण्यानं रस्त्याचा नुसता राडा करून ठेवला होता. राजेश्वरी सिस्टरची स्कूटी मागं फाट्यावर, चहाच्या टपरीशेजारी लावलेली. बायडाबाईची वस्ती अजून दोन किलोमीटर पुढं. दोन्ही अंगांना ऊस, आणि वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा वास. नेवासा तालुक्यातल्या माणसाच्या नाकाला तो वास एरवी जाणवतसुद्धा नाही. त्या दिवशी मात्र तो राजेश्वरीच्या घशात जाऊन बसला होता.

"चपला काढा सिस्टर. पट्टा तुटला म्हंजी बसाल हितंच."

"चिखलात काचा असतात हो, कडूताई."

"असत्यात. रुतली तर आपल्याच पायात रुतंल. दुसऱ्याच्या तर न्हाई."

फाट्यापासून कडूबाई एवढंच बोलली होती. एरवी ही बाई गप्प बसणारी नव्हे. सोळा वर्षं गावची आशाताई म्हणून फिरलेली, कुणाच्या पोराला कोणती लस कधी दिली हे तिला वहीशिवाय पाठ, आणि तोंड असं की सरपंचसुद्धा तिला वळसा घालून जायचा. ती गप्प चालते म्हणजे आत काहीतरी नासलंय, हे राजेश्वरीला कळत होतं. काय नासलंय तेही कळत होतं, कारण त्यात तिचाही हात होता.

"ते पान मी काढायला लावते," राजेश्वरी म्हणाली.

"कोनतं?"

"अकरावं."

"काढा की. छापल्याली समदी पुस्तकं गोळा करा, त्यातनं काढा. मग आरतीच्या डोस्क्यातनं काढा. मग फोटू गेलाय त्या एकशेचाळीस फोनांतनं काढा. लई काम हाय तुमाला, सिस्टर."

राजेश्वरीनं सँडल काढून हातात घेतली आणि चिखलात पाय घातला.

कडूबाई हे नाव कुणी कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं तिसरीला असं नाव दिलं की यमानंही तोंडात घालून परत थुंकावं. ती जगली. पंधराव्या वर्षी लग्न होऊन या गावात आली ती साळूबाईची सून म्हणून. साळूबाई सासू म्हणून वाईट नव्हती, चांगलीही नव्हती. पण शेवटच्या आजारात तिला नगरच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, नाकात नळी घातली, ती ओढते म्हणून दोन्ही हात बँडेजनं खाटेला बांधले, आणि कडूबाई अकरा दिवस काचेच्या दाराबाहेर बसून ते बघत राहिली. सासूचे डोळे दाराकडं असायचे. ती काहीतरी सांगत होती, पण नळीमुळं आवाज फुटत नव्हता. बाराव्या दिवशी ती दवाखान्याच्या हिरव्या कापडात घरी आली.

तेराव्यानंतर सासूची लोखंडी पेटी उघडली. आत भावानं दिलेलं माहेरचं लुगडं, कोऱ्या घडीचं. त्यावर तुळशीची माळ. कोपऱ्यात गंगेच्या पाण्याची बाटली, झाकणाला मेण लावलेलं. बाईनं सगळी तयारी करून ठेवली होती. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका मरणाबद्दल बोलत नाहीत असं शिकलेली माणसं म्हणतात. खोटं आहे ते. त्या बोलतात, पण पेटीतून. त्या पेटीची किल्ली कनवटीला असते, सुनेला ती पेटी दिसते पण आतलं दिसत नाही. पुरुषाचा तर प्रश्नच नाही. ज्या दिवशी म्हातारी आपण होऊन दार लोटून घेते आणि पेटीचं झाकण वर करते, त्या दिवशी समोरच्या बाईनं जे ऐकायचं असतं ते ऐकायचं असतं. हे कडूबाई सासूच्या पेटीपुढं बसून शिकली. तेव्हापासून गावात कुणी म्हातारी दुखणाईत झाली की ती दुपारची जायची, घरची माणसं रानात असताना. शेंगा फोडायला बसायची. पाय चोळून द्यायची. बोलायची ती स्वतःच्या सासूबद्दल. दुसऱ्या खेपेला, चौथ्या खेपेला, कधी महिन्यानं, म्हातारी म्हणायची, "दार लोट गं जरा." मग कळायचं, कुणाला दवाखान्यात जायचं आहे आणि कुणाला नाही, कुणाला कुणाच्या हातचं पाणी हवं आहे. ते मग कडूबाई लेकाच्या कानावर असं घालायची की त्याला वाटावं, हे आपल्यालाच सुचलं.

बायडाबाईची पेटी तिच्यापुढं चार महिन्यांपूर्वी उघडली होती. अन्ननलिकेचा कॅन्सर, घास उतरेना, पाणी चमच्यानं. पुणतांब्याचं माहेर, म्हणून गोदावरीच्या पाण्याची बाटली. लुगडं. आणि लुगड्याच्या पोटात दडवलेलं एक टोपरं, लाल खणाचं, कड विटलेली. लेकाच्या, अजिनाथच्या, आधीची मुलगी. दीड वर्षाची होऊन गेली. नवऱ्यानं सांगितलं होतं, हिचं नाव या घरात काढायचं नाही, आणि पन्नास वर्षं ते कुणी काढलं नव्हतं. "माज्यासंगट हे ठिवा," बायडाबाई म्हणाली होती. "आन कडे, नळी नगं. मला हितंच, दाराच्या उजेडात ऱ्हाऊं दे."

कडूबाईनं ते पोटात ठेवलं. प्रशिक्षणाच्या दिवसापर्यंत ठेवलं.

त्या दिवशी तालुक्याच्या सभागृहात फ्लेक्स लावला होता, 'आगाऊ काळजी नियोजन : रुग्णाशी संवाद'. "आगाऊ तर आमी वांड पोराला म्हन्तो," कडूबाई शेजारणीच्या कानात म्हणाली होती आणि पुरती एक रांग हसली होती. पुण्याहून कुठल्याशा संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. विषय खोटा नव्हता. माणसाला शुद्ध असताना विचारून ठेवावं की बाबा, पुढं तुझं काय करायचं, यात वावगं काय? पण झालं काय, तर दोन टेबलं जोडून त्यावर एक डॉक्टर मरणारा रुग्ण म्हणून आडवे झाले, कपाळावर रुमाल. पुढं एक नर्स कागद बघून विचारतेय, "आपल्याला आपल्या आजाराची कितपत माहिती हवी आहे?" तेवढ्यात डॉक्टरांचा मोबाईल वाजला. त्यांनी पडल्या पडल्या उचलला. "हां बोल. ट्रेनिंगमध्ये आहे. मरतोय." सभागृह हसून हसून लोळलं. राजेश्वरीही हसली. मग खाऊचे डबे वाटले, कचोरी आणि वेफर. पडद्यावर शेवटच्या श्वासाची लक्षणं चालली होती आणि खाली दीडशे तोंडांतून वेफरचा कुरकुर आवाज येत होता.

त्या आवाजातच कडूबाई उठली. "समोरासमोर बसून, कागद घेऊन, मरनाऱ्याला असं इचारत्यात व्हय?" असं म्हणून तिनं आपली रीत सांगितली. शेंगा, पाय चोळणं, पेटी. मॅडम खुर्चीतून उठून पुढं आल्या. फोन काढून व्हिडिओ सुरू केला. "अजून सांगा ना, पेटीत काय काय असतं?" सोळा वर्षांत कडूबाईला असं कुणी विचारलं नव्हतं. तिच्या गालावर लाली चढली. लुगडं असतं, माळ असते, म्हणता म्हणता ती म्हणाली, "येकाद्या पेटीत तर लेकराचं टोपरं पन निघतं, मॅडम. पन्नास वर्सांचं." नाव घेतलं नाही. पण बोलली. संध्याकाळी तिला शाल आणि नारळ मिळाला.

आशातायांना वाटायच्या पुस्तिकेचं मराठी राजेश्वरीला लिहायला सांगितलं, कारण तिचं अक्षर चांगलं आणि शाळा मराठी. तिनं मन लावून लिहिलं. पान अकरा, 'पेटी पद्धत'. 'वृद्ध स्त्रीस तिच्या पेटीतील वस्तूंविषयी विचारावे. उदा. लुगडे, माळ, टोपरे.' मॅडमनी त्याखाली एक ओळ घातली, 'पेटीसह फोटो घेऊन नोंद पूर्ण करावी.' ती ओळ राजेश्वरीपुढं तपासायला आली तेव्हा तिनं 'पूर्ण'चा रफार सुधारला आणि कागद परत पाठवला. ओळ तशीच राहिली.

मग प्रत्येकीला ठरवून दिलं, महिन्यात दहा नोंदी. आणि आशाताया निघाल्या दारोदार, हातात फॉर्म आणि शाईचं पॅड. आजी, पेटी दाखवा. लेक उभा, सून उभी, शेजारची दोन पोरं दारात. काही म्हाताऱ्यांनी शिव्या दिल्या. काहींनी घाबरून उघडल्या, सरकारी काम आहे म्हणून. ग्रुपवर रोज फोटो येत, उघड्या पेट्या आणि त्यांच्यामागं खाली बघणाऱ्या म्हाताऱ्या, आणि त्याखाली साहेबांचे अंगठे, फुलं, टाळ्या. एकीचं लुगडं जमिनीवर पसरून फोटो काढला होता, सगळं नीट दिसावं म्हणून. राजेश्वरी ते बघायची आणि फोन उलटा ठेवायची. यापलीकडं तिनं काही केलं नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

कडूबाई आठवडाभर लेकीच्या बाळंतपणाला गेली होती तेव्हा बायडाबाईकडं शेजारच्या गावची आशाताई आरती गेली. आरती वाईट पोरगी नाही. तिच्या दहातल्या दोन राहिल्या होत्या. पेटी उघडवली, लुगडं बघितलं आणि पुस्तकात होतं तसंच विचारलं, "आजी, टोपरं हाय का?" सुनेनं घडीत हात घालून ते बाहेर काढलं. दोन बोटांत धरून म्हणाली, "बया, किती कुबट. कशाला ठिवलंय हे?" फोटो निघाला. नंतर ते टोपरं धुण्याच्या चिंध्यांत गेलं, आणि चिंध्या शेवटी उकिरड्यावर जातात ते सगळ्यांना माहीत आहे. फॉर्मवर आरतीनं सगळ्यांच्या करायची तशी पहिल्याच चौकोनात खूण केली, 'सर्व उपचार व्हावेत'. अंगठा घेतला.

त्या दिवसापासून बायडाबाई बोललेली नव्हती. वेदनेची गोळी जिभेवर ठेवली की थुंकायची.

वाटेत म्हसोबाचा शेंदरी दगड लागला. कडूबाई थांबली, चपला बाजूला ठेवून हात जोडले. राजेश्वरीनंही जोडले. रोज देवापुढं बसणारी बाई ती. पण मागायला तोंड नव्हतं, म्हणून नुसतीच उभी राहिली.

"मी तीनदा जाऊन आले," चालायला लागल्यावर कडूबाई म्हणाली. "भितीकडं तोंड करती. तुमी इस्पितळातल्या म्हनून तुमाला आनलं. अजिनाथनं सोमवारी गाडी सांगितलीय. नळी बसवायला."

वस्तीवर अजिनाथ अंगणातच होता, पंपाची मोटर खोलून बसलेला. हात पुसत उठला. "या वहिनी. या सिस्टर. पाय धुवा, किती चिखल." त्यानं स्वतः तांब्या दिला, बायकोला चहाला सांगितलं. त्याचा राग यावा असं त्याच्यात काहीच नव्हतं, आणि राजेश्वरीला तेच जड गेलं.

पडवीत खाट. बायडाबाई कुशीवर, तोंड भिंतीकडं. पाठीचे मणके लुगड्यातून मोजता यावेत. उशाशी गोळ्यांचं पाकीट भरलेलं, आणि खाली फरशीवर थुंकलेल्या गोळीचा पांढरा डाग सुकलेला.

राजेश्वरी खाटेशी उकिडवी बसली. "आजी, मी आरोग्य केंद्रातली राजेश्वरी. तुम्हाला पुढं काय व्हावंसं वाटतं? तुमच्या मनात काही असेल तर..." बोलता बोलता तिला स्वतःचं वाक्य ऐकू आलं. पान चार. तिनंच लिहिलेलं.

बायडाबाईची पाठ हलली नाही.

कडूबाई पायथ्याशी बसली. नेहमीसारखा तिनं म्हातारीच्या तळपायाला हात लावला. पाय आखडला गेला. मग भिंतीकडच्या तोंडातून, किती दिवसांनी कोण जाणे, खरखरीत आवाज आला.

"कडे. आजून काय दाखवायचं ऱ्हायलंय का कुनाला?"

कडूबाईनं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. सून चहाचे कप घेऊन दारात थबकली होती. तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, तिला अजून कळलंच नव्हतं की झालं काय. पन्नास वर्षं ज्याचं नाव निघालं नाही ते तिला कोण सांगणार?

अंगणात राजेश्वरीनं अजिनाथला सांगून बघितलं. नळीनं दिवस वाढतील, आराम वाढेल असं नाही. आजी गोळ्या घेतील तर घरीच निवांत राहतील. त्यांनी पूर्वी कडूताईंना सांगितलंय, नळी नको.

"सांगितलं आसंल," अजिनाथ म्हणाला. "वहिनी खोटं बोलत्यात आसं मी म्हनत न्हाई. पन कागद हाय ना तुमचाच." त्यानं खिशातून घडी काढली. खूण, अंगठा, शिक्का. "आईचा अंगठा हाय. उद्या आई गेली का गाव म्हनंल, कागदावर लिवलं हुतं तरी ह्यानं उपाशी मारली. ती तोंडानं माज्यासमोर नगं म्हनली, तर गाडी आत्ता रद्द करतो. मलाबी काय हौस हाय व्हय तिचे हात बांधायची? पन बोलंल तर ना."

"कागद आम्ही रद्द करू."

"सिस्टर, तुमी लिवनार, तुमीच खोडनार. आमी कुठवर बघत बसू?"

चहा तसाच राहिला, वर साय धरली.

परतीच्या वाटेला लागल्यावर राजेश्वरी थांबली. पाटाच्या कडेला वाकून तिनं तोंड धुतलं. पाण्यालाही मळीचाच वास. "मी उद्याच वर लिहिते," ती म्हणाली. "साहेबांना, त्या मॅडमना. सगळे फोटो काढून टाका म्हणून. ही शिसारी आलीय मला, कडूताई. त्या फ्लेक्सची, त्या टाळ्यांची. सगळ्यांची."

"मला शालीची येती," कडूबाई म्हणाली. "ती मी म्हशीच्या अंगावर टाकली. तरी गोठ्यात गेलं का दिसतीच. लिवा तुमी वर. पन सोमवार लिवून थांबत न्हाई."

"मग काय करायचं?"

कडूबाई बांधावर बसली. पाय पुढं करून तिनं वाळलेला चिखल काडीनं खरवडायला घेतला. बोलली ती खाली बघूनच.

"येक मागनं हाय. न्हाई म्हनू नका. उद्या दुपारी तुमी येकल्या या. पुस्तक नगं, कागद नगं, ते पांढरं जाकीट नगं. म्या आले तर ती भितीकडंच बघंल. तुमी तिच्या खाटंशी खाली बसा आन सांगा. आधी माजं नाव घ्या. कडीनं चार मान्सांत शान दाखवायला तुजी पेटी बोलून टाकली, आसं म्हना. मग तुमचं घ्या. म्या ते लिवलं, वाचलं, आन जाऊ दिलं. कुनाची बाजू सांबाळू नका. माफ करा, आसंबी म्हनू नका, ती लगीच गप व्हईल. ती शिव्या दील. लई घान दील, तिचं तोंड मला ठावं हाय. दिऊं द्या. उठू नका. अजिनाथला आधीच सांगून दाराशी बसवून ठिवा, आन तिचं तोंड उघडलं, शिव्या सपल्या, का मग तेवढं येकच इचारा, त्याच्या देखत. आजी, नळी पायजे का नगं. येवढं करा माज्यासाठी."